पाऊस मोजता, आता जमिनीतली ओलही मोजा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. सचिव, मदत व पुनर्वसन विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नागपूर

विषय: जमिनीतील ओलाव्याची महसूल मंडळनिहाय आकडेवारी दर आठवड्याला जाहीर करणे व त्यासाठी मायक्रोवेव्ह उपग्रहांचा वापर करणे याबाबत.

महोदय,

मृग तोंडावर आला की कृषी विभागाचं आवाहन येतं: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. या सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे आणि त्याने कितीतरी घरांची दुबार पेरणी वाचवली असेल. पण 100 मिलिमीटर पाऊस एका रात्रीत उताराच्या मुरमाड रानावर कोसळला, तर त्यातला बराचसा ओढ्याला लागतो. तेवढाच पाऊस आठ दिवस झिमझिम करत सपाट काळ्या रानात मुरला, तर वीतभर ओल होते. पर्जन्यमापकात दोन्हीकडे आकडा एकच दिसतो. बी मात्र जमिनीतल्या ओलीवर उगवतं.

मी मृद्‌-जलसंधारण आणि सुदूर संवेदन (म्हणजे उपग्रहावरून जमिनीची पाहणी) या विषयांत काम करते. लहानपण बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात गेलं, त्यामुळे पावसाचा खंड म्हणजे काय हे आलेखावर पाहण्याआधी रानात पाहिलं. मागणी एकच आहे. राज्यातल्या प्रत्येक महसूल मंडळात आजघडीला जमिनीत पिकाच्या उपयोगाची ओल किती आहे, हा आकडा पावसाच्या आकड्याइतकाच सहज, दर आठवड्याला, सगळ्यांना पाहता आला पाहिजे. पेरणीचा सल्ला देताना आणि दुष्काळ ठरवताना तो आकडा विचारात घेतला पाहिजे. हे करण्याची साधनं आता आपल्या हातात आहेत, म्हणून हे पत्र.

2023 चा ऑगस्ट आठवा. देशभरात पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी झाला आणि 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट आढळला नाही. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेत, खानदेशात सोयाबीन ऐन फुलोऱ्यात असताना माना टाकत होतं. राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो 31 ऑक्टोबरला. त्यानंतर लगेचच एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली, कारण तालुका हे एकक फार मोठं पडतं हे सरकारच्याही लक्षात आलं. ऑगस्टपासून घोषणेपर्यंतच्या दोन महिन्यांत शेतकऱ्याने काय केलं असेल, हे इथे लिहायची गरज नाही. प्रश्न असा आहे की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कोणत्या मंडळात मुळांपाशी पाणी शिल्लक होतं आणि कोणत्या मंडळात संपलं होतं, हे आपल्यापैकी कुणी मोजून सांगू शकत होतं का?

दुष्काळ व्यवस्थापनाच्या 2016 च्या केंद्रीय संहितेत जमिनीतल्या ओलाव्याला जागा आहे. पावसाचा निकष पहिला. त्यानंतर परिणाम दाखवणाऱ्या निर्देशांकांचे चार गट: पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा आणि जलसाठे. उपलब्ध ओलावा 50 टक्क्यांच्या खाली गेला की मध्यम आणि 25 टक्क्यांच्या खाली गेला की तीव्र दुष्काळ, असं त्यात लिहिलं आहे. कागदावर हे अगदी योग्य आहे. अडचण पुढची आहे. हा ओलावा सहसा मोजला जात नाही, हिशेबाने काढला जातो. पडलेल्या पावसातून वाहून गेलेलं आणि बाष्प होऊन उडालेलं पाणी वजा करायचं, उरलेलं जमिनीत आहे असं मानायचं. असा ताळेबंद उपयोगी असतो. पोकरा, म्हणजे राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावपातळीवर असाच पाण्याचा ताळेबंद मांडला गेला आणि ते काम मोलाचं आहे. पण ताळेबंदाची पहिली नोंद पावसाची असते. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. मंडळाच्या गावी असलेल्या पर्जन्यमापकात 40 मिलिमीटर आणि सहा किलोमीटरवरच्या शिवारात थेंब नाही, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आता दोन हजारांहून अधिक मंडळांत उभी आहेत, तरी एका मंडळाला साधारण दीडशे चौरस किलोमीटर क्षेत्र येतं आणि त्यात मापक एक.

हिरवाईचा निर्देशांकही पुरेसा नाही, त्याची दोन कारणं आहेत. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर ढग असतात आणि दृश्य प्रकाशावर चालणारा उपग्रह ढगांखालचं पाहू शकत नाही. ज्या चार महिन्यांत खरीप घडतो किंवा बिघडतो, नेमके तेच चार महिने त्याच्यासाठी अर्धेअधिक आंधळे. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पान पिवळं पडेपर्यंत जमिनीतलं पाणी संपून बरेच दिवस झालेले असतात. हिरवाई घसरलेली दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

मायक्रोवेव्ह लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही काम करतात आणि थेट मातीतल्या पाण्याला प्रतिसाद देतात. यामागचं भौतिकशास्त्र समजायला कठीण नाही. विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो हे दाखवणारा एक गुणांक असतो, त्याला परावैद्युत स्थिरांक म्हणतात. कोरड्या मातीचा हा अंक 3 ते 4 असतो, पाण्याचा 80 च्या आसपास. निसर्गात शेजारी शेजारी असलेल्या दोन गोष्टींत इतका फरक क्वचितच सापडतो. त्यामुळे मातीत थोडं पाणी मिसळलं तरी तिची मायक्रोवेव्हमधली ओळख बदलते. हा बदल टिपायचे दोन मार्ग आहेत. प्रत्येक वस्तूप्रमाणे जमीन स्वतः अतिशय क्षीण मायक्रोवेव्ह उत्सर्जित करत असते. ती जितकी ओली तितकं उत्सर्जन कमी. कोरड्या जमिनीची उत्सर्जकता 0.95 च्या आसपास असते, चिंब जमिनीची 0.6 पर्यंत उतरते. हे नुसतं ऐकणाऱ्या उपकरणाला रेडिओमीटर म्हणतात. दुसरा मार्ग रडारचा: आपणच लहर पाठवायची आणि परत किती आली ते मोजायचं. जमीन ओली असेल तर प्रतिध्वनी जोरात येतो.

लहरीची लांबी इथे फार महत्त्वाची. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या सी-बँड लहरी मातीच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरपुरतं सांगतात आणि दाट पिकात अडकतात. 21 ते 24 सेंटिमीटर लांबीच्या एल-बँड लहरी पिकातून बऱ्याच प्रमाणात खाली उतरतात आणि वरच्या सुमारे पाच सेंटिमीटरची ओल दाखवतात. म्हणून जमिनीच्या ओलाव्यासाठी जगभर एल-बँडलाच पसंती आहे.

भारताला हा विषय नवा नाही, हे मुद्दाम सांगते. 7 जून 1979 रोजी अवकाशात गेलेल्या भास्कर-1 या आपल्या उपग्रहावर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता. त्याचं मुख्य काम समुद्र आणि वातावरणातल्या बाष्पाचं, पण मायक्रोवेव्हने पृथ्वी पाहण्याची सुरुवात आपण तेव्हाच केली. 2012 मध्ये रिसॅट-1 आणि 2022 मध्ये ईओएस-04 हे सी-बँड रडार उपग्रह इस्रोने सोडले. युरोपचा स्मॉस नोव्हेंबर 2009 पासून आणि नासाचा स्मॅप जानेवारी 2015 पासून एल-बँडमध्ये जमिनीचा ओलावा मोजत आले आहेत. स्मॅपवर रेडिओमीटरच्या जोडीला रडारही होतं. ते जुलै 2015 मध्येच बंद पडलं आणि बारीक नकाशे देण्याची त्याची मोठी क्षमता गेली. रेडिओमीटर मात्र काम करत राहिला. दर दोन-तीन दिवसांनी तो पृथ्वीवरची बहुतेक सगळी जमीन पाहतो, आणि त्याच्या मोजणीसाठी सकाळी सहाची वेळ मुद्दाम निवडली आहे, कारण त्या वेळी माती, पीक आणि हवा यांचं तापमान जवळपास सारखं असतं.

मग हा आकडा सरळ का वापरू नये? कारण स्मॅपच्या मूळ मोजणीची चौकट 36 किलोमीटरची आहे. एका चौकटीचं क्षेत्र जवळजवळ तेराशे चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार चौरस किलोमीटर आणि तालुके 358, म्हणजे सरासरी तालुका साडेआठशे चौरस किलोमीटरचा. उपग्रहाचा एक ठिपका अख्ख्या तालुक्याहून मोठा. त्यात डोंगर, तलाव, ऊस, पडीक, गाव सगळं एकत्र कालवलं जातं. याच मोजणीवर गणिती संस्कार करून 9 किलोमीटरची आवृत्तीही दिली जाते. ती दिसायला सुबक आहे, पण अँटेनाला दिसणारं क्षेत्र काही त्यामुळे लहान होत नाही. देश किंवा विभाग पातळीवरचा कल पाहायला हे उत्तम आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याच्या एका मंडळाबद्दल निर्णय घ्यायला ते पुरत नाही.

आणि इथेच 30 जुलै 2025 या तारखेचं महत्त्व आहे. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून निसार झेपावला. नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड रडार एकाच उपग्रहावर, 12 मीटर व्यासाची उलगडणारी अँटेना, 240 किलोमीटरहून रुंद पट्टा, आणि दर 12 दिवसांनी त्याच कक्षेत परत. जमिनीच्या ओलाव्याचे नकाशे 200 मीटरच्या चौकटीत देणं हे त्याच्या ठरलेल्या कामांपैकी एक आहे. 200 मीटरची चौकट म्हणजे चार हेक्टर, दहा एकर. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर. म्हणजे एका ठिपक्यात तीन शेतकऱ्यांची रानं. अजूनही एकेका शेताची गोष्ट सांगता येणार नाही, पण शिवाराची येईल. स्मॅपकडून दर दोन-तीन दिवसांचा ढोबळ आकडा, निसारकडून पंधरवड्यातून एक-दोनदा बारीक नकाशा, मधल्या दिवसांत ईओएस-04 आणि युरोपच्या सेंटिनेल-1 ची सी-बँड निरीक्षणं: हे एकत्र विणण्याच्या पद्धती शास्त्रज्ञांकडे आहेत. सेंटिनेलचा डेटा सर्वांसाठी विनामूल्य आहे. पैसा अडथळा ठरेल असं मला वाटत नाही. अडथळा आहे तो आपल्या मातीत मोजणी करून हे आकडे पारखून घेण्याच्या कामाचा, आणि ते काम वॉशिंग्टनमध्ये बसून कुणी आपल्यासाठी करणार नाही.

यात अवघड काय आहे, तेही स्पष्ट लिहिते. या तंत्राची भलामण करणाऱ्यांनी अडचणी झाकल्या तर दोन वर्षांत लोकांचा विश्वास उडेल.

पहिली अडचण पृष्ठभागाच्या खडबडीतपणाची. रात्री ओल्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर गाडीच्या दिव्याचा झोत पुढे निसटून जातो आणि चालकाला रस्ता काळा दिसतो. खडीच्या रस्त्यावर तोच झोत विखरून थोडा परत येतो. रडारचंही तसंच. नांगरून ढेकळं पडलेलं कोरडं रान रडारला ओल्या सपाट रानाइतकं उजळ दिसू शकतं. मे महिन्यात नांगरट, मग वखरणी, पेरणी, कोळपणी: आपल्या रानाचा पोत हंगामात चार-पाच वेळा बदलतो. सरी-वरंबा आणि रुंद वरंबा सरीच्या ओळी उपग्रहाच्या दिशेला आडव्या आहेत की समांतर, यानेही आकडा हलतो. हे दुरुस्त करायची प्रतिमानं (गणिती मॉडेलं) आहेत, पण ती बहुतांशी इतर देशांतल्या शेतांवर घडवलेली आहेत. आपल्या वखरलेल्या रानाचा खडबडीतपणा आपणच मोजायला हवा.

दुसरी अडचण पिकाची. पानांत आणि खोडात पाणी असतं आणि लहरींना ते मातीतल्या पाण्यापेक्षा वेगळं ओळखता येत नाही. स्मॅपने स्वतःसाठी घालून घेतलेली अचूकतेची मर्यादा, म्हणजे एका घनमीटर मातीमागे 0.04 घनमीटर पाणी, ही चौरस मीटरमागे 5 किलोपर्यंत पाणी असलेल्या पिकापुरतीच आहे. सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा यांत काम होईल. पूर्ण वाढलेल्या उसाच्या फडाखालची ओल मात्र एल-बँडलाही नीट दिसणार नाही. तिथे नकाशावर सरळ ‘मोजता आलं नाही’ असं लिहावं. सह्याद्रीच्या उतारांवर आणि घनदाट जंगलातही तेच.

तिसरी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे, आणि ती खास आपली आहे. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीत निम्म्याहून अधिक चिकणमाती असू शकते. तिच्या खनिजांचे थर पाण्याचे रेणू इतके घट्ट धरून ठेवतात की ते मोकळ्या पाण्यासारखे विद्युतक्षेत्राला प्रतिसाद देत नाहीत. परिणाम असा की वाळूमिश्रित मातीसाठी बसवलेलं सूत्र काळ्या मातीला लावलं तर ओलावा चुकीचा येतो. त्यात ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि हातभर खोल भेगा पडतात. घनता बदलते, पृष्ठभाग बदलतो, मोजणीचा पायाच बदलतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, क्षारांमुळे आणखी एक गुंता होतो, कारण खारट पाण्याची विद्युतवाहकता जास्त असते. एकच सूत्र सगळ्या महाराष्ट्राला लावून चालणार नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. उपग्रह सांगतो तो मातीच्या घनफळातला पाण्याचा टक्का. शेतकऱ्याला हवं असतं ते पिकाला ओढून घेता येईल असं पाणी. हे दोन आकडे वेगळे आहेत. वीस-पंचवीस टक्के ओलावा हलक्या, वाळूसर जमिनीत भरपूर असतो. तेवढाच ओलावा भारी काळ्या जमिनीत पिकाच्या जवळपास काहीच उपयोगाचा नसतो, कारण तिथे माती ते पाणी सोडत नाही आणि झाड सुकतं. तेव्हा नुसता टक्का दाखवणारा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला, तर हिरव्या रंगात दिसणाऱ्या परभणीच्या भारी रानात पीक सुकत असेल आणि पिवळ्या रंगातल्या शेजारच्या हलक्या रानात ते तग धरून असेल. लोक नकाशाला हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. नकाशावर मातीच्या जातीचा आणि खोलीचा थर चढवला, तरच ‘उपलब्ध ओलावा’ हा अर्थपूर्ण आकडा निघतो. हा थर बनवण्यासाठी लागणारं ज्ञान आपल्या राज्यातच आहे. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय नागपूरला, आपलं सुदूर संवेदन केंद्रही नागपूरला. या दोन संस्थांनी एका टेबलावर बसावं, एवढीच अपेक्षा आहे.

मातीची खोली धरली की पावसाच्या खंडाचा निकषही बदलतो. पीकविम्यात 21 दिवसांपेक्षा जास्त खंड हा निकष लावला गेला होता. बालाघाटच्या माथ्यावर, जिथे वीत-दीड वीत मातीखाली मुरूम लागतो, तिथे दहा-बारा दिवसांत पीक कोमेजतं. गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत तीन आठवडे पीक टिकू शकतं. दोघांना एकच दिवसांची फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे. ओलावा मोजला की दिवस मोजायची गरज उरत नाही.

रब्बीबद्दल सावध राहायला हवं. शाळू (रब्बी ज्वारी) आणि कोरडवाहू हरभरा परतीच्या पावसानंतर खोल जमिनीत साठलेल्या ओलीवर येतात. नोव्हेंबरात वरची चार बोटं माती पूर्ण कोरडी असते, आपण ती कोळपून मुद्दाम कोरडी ठेवतो, आणि खाली फूटभरावर मुळं मजेत पाणी पीत असतात. त्या वेळी पाच सेंटिमीटर पाहणारा उपग्रह ‘तीव्र कोरड’ दाखवील. वरच्या थराची ओल किती वेगाने घटत गेली यावरून खालच्या थराचा अंदाज बांधता येतो, स्मॅपचं एक उत्पादन प्रतिमानाच्या साह्याने एक मीटर खोलीपर्यंतचा अंदाज देतंही, पण भेगाळणाऱ्या काळ्या मातीत तो किती खरा उतरतो हे जमिनीत खोलवर उपकरण पुरल्याशिवाय कळणार नाही. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने 1930 च्या दशकापासून याच शाळूच्या जमिनीतल्या ओलीचा अभ्यास केला आहे. त्या परंपरेचा आज उपयोग करून घ्यायला हवा.

म्हणून पहिलं काम आकाशातलं नाही, जमिनीतलं आहे. 5, 20 आणि 50 सेंटिमीटर खोलीवर ओलावा मोजणारी उपकरणं पुरावी लागतील. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांची प्रक्षेत्रं, जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं आणि महावेधच्या केंद्रांपैकी काही निवडक, अशी सुरुवात करता येईल. जागा निवडताना हलकी, मध्यम, भारी अशा तिन्ही जमिनी घ्याव्यात. हवामान केंद्राच्या कुंपणातल्या गवताखाली एक उपकरण पुरून काम झालं असं समजू नये. शेतकऱ्याच्या पेरलेल्या रानात, त्याच्या संमतीने, तो कोळपणी करील तशीच करू देऊन मोजावं. आणि उपकरणावरही आंधळा विश्वास नको. काळी माती आकसली की उपकरण आणि माती यांत फट पडते आणि आकडा भलताच येतो. ठराविक दिवसांनी मातीचा नमुना काढून, 105 अंशांवर 24 तास भट्टीत वाळवून, वजनातला फरक घेण्याची जुनी पद्धत सोबत चालूच ठेवावी लागेल. उपग्रह ज्या सकाळी जाणार त्याच सकाळी नमुने निघाले पाहिजेत. कृषी पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांकडून हे उत्तम होईल. त्यांना त्याचे गुण आणि मानधन दोन्ही द्या.

दुष्काळाबद्दलच बोलत राहिले, पण अतिओलीचाही विचार व्हावा. 2025 मध्ये मे महिन्यातच मॉन्सून राज्यात आला, मुंबईत 26 मे रोजी. मशागतीच्या दिवसांत रानं चिखल झाली आणि कित्येक ठिकाणी वाफसा (मशागत-पेरणीजोगी ओल) आलाच नाही. मग सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभं सोयाबीन पाण्यात सडलं, नद्यांनी काठची माती खरवडून नेली. जमीन आधीच तुडुंब असेल तर पुढचा 50 मिलिमीटर पाऊस सरळ पूर होऊन वाहतो. धरणातून पाणी कधी सोडायचं, कोणत्या गावाला आधी सावध करायचं, हे ठरवताना पाणलोटातली जमीन किती भरली आहे हा आकडा हाताशी असायला हवा. तोच उपग्रह, तोच नकाशा, फक्त वाचायचं दुसऱ्या टोकाकडून. वाफसा कुठे आला, कुठे अजून चार दिवस थांबावं, हे सांगणारी साप्ताहिक सूचना शेतकऱ्याच्या फोनवर गेली तर तिची वाट पाहिली जाईल.

एक भीती मला आहे आणि ती तुमच्यासमोर स्पष्टपणे मांडते. हा आकडा उद्या शेतकऱ्याच्या विरोधात वापरला जाऊ नये. ‘उपग्रहाला तुमच्या शिवारात ओल दिसते, सबब नुकसान अमान्य’ असं उत्तर कुणाला मिळालं, तर चांगल्या तंत्राचा तो दुरुपयोग असेल. 200 मीटरच्या ठिपक्यात विहिरीवर भिजलेलं एक रान आणि करपलेली दोन रानं असू शकतात. त्यामुळे मंडळ पातळीवर मदतीचा विचार सुरू करण्यासाठी हा आकडा पुरेसा धरावा, पण एखाद्या शेतकऱ्याचा दावा नाकारण्यासाठी तो एकटा कधीच पुरेसा नसावा. हे शासन निर्णयात शब्दांत लिहिलेलं असावं. प्रत्यक्ष पाहणीचा हक्क राहिला पाहिजे, आणि आकड्यावर हरकत घेण्याची साधी, तालुक्याच्या गावी पूर्ण होणारी सोय असली पाहिजे.

याच कारणासाठी आकडे उघडे हवेत. अधिकाऱ्यांच्या पडद्यापुरता डॅशबोर्ड नको. मंडळाचं नाव टाकलं की या आठवड्याचा उपलब्ध ओलावा, मागच्या आठवड्याचा, गेल्या वर्षीचा याच आठवड्याचा, आणि अंदाज कितपत खात्रीचा आहे हे मराठीत दिसावं. जमिनीतल्या उपकरणांच्या मूळ नोंदी कुणालाही उतरवून घेता याव्यात, म्हणजे विद्यापीठातला संशोधक, शेतकरी उत्पादक कंपनी आणि गावातला एखादा जिज्ञासू शिक्षक आपापल्या परीने त्या तपासू शकतील. चुका लवकर सापडतील त्या अशाच. कुठल्या मंडळात नकाशा आणि रान जुळत नाही, हे तिथला शेतकरी मूठभर माती दाबून सांगेल. त्याचं ऐकून घेणारी खिडकी त्या संकेतस्थळावर ठेवा.

संपूर्ण राज्यात एकदम सुरुवात करा असं मी म्हणत नाही. तीन तालुके घ्या: खोल काळ्या जमिनीसाठी परभणी, हलक्या माथ्याच्या जमिनीसाठी पाटोदा, खारपाणपट्ट्यासाठी दर्यापूर. एक पूर्ण खरीप आणि त्यामागचा रब्बी, पेरणीपासून शाळूच्या काढणीपर्यंत, जमिनीत मोजा आणि वरून मोजा. कुठे जुळलं, कुठे जुळलं नाही, दोन्ही जाहीर करा. उपकरणं मृगाआधी पुरायची तर जागांची निवड फेब्रुवारीत आणि खरेदीची प्रक्रिया त्याआधी सुरू व्हायला हवी. मे उजाडल्यावर फाईल हलली तर एक हंगाम जाईल. या तीन तालुक्यांत जागा निवडणं, विद्यार्थ्यांना नमुने घ्यायला शिकवणं आणि रडारचे आकडे तपासणं यांपैकी जे काम द्याल ते मी विनामोबदला करायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीचे अनेक अभ्यासकही तयार आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
मराठवाड्यातली एक मृद्‌-जल अभ्यासक